सोल्युशन, थिनर आणि हातापायांच्या नसा: वर्कशॉपात नव्याने लागणाऱ्यांसाठी

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एका पायात चप्पल घालून चालत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मागून एक बाई ओरडली, "ओ दादा, चप्पल पडली तुमची!" तेव्हा खाली पाहिलं. डाव्या तळव्याला डांबराचा चटकासुद्धा लागत नव्हता.

त्यानंतरच्या चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधताना केवणीच्या सालीच्या दोराची गाठ बोटांना समजेना. डोळ्यांनी बघून बघून बांधली. वाटलं, थकवा असेल.

तोवर सोफा आणि फर्निचरच्या कामात मला नऊ वर्षं झाली होती. बार्देशातलं पत्र्याचं शेड, हॉटेलांची कामं. फोम चिकटवायला सोल्युशन, सनमायक्याला सोल्युशन, हात पुसायला थिनर. डब्यात काय आहे ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चप्पल निसटल्यापासून आजाराचं नाव कळेपर्यंत पुढची दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून आमच्या पेडण्यात आणि किनाऱ्यावर कामाला तोटा नाही. डिचोली-सत्तरीची, दोडामार्ग-बांद्याहून रोज गाडी मारून येणारी विशीतली पोरं उघड्या हाताने सोल्युशन फासताना दिसतात, तेव्हा पोटात गोळा येतो.

पुढचं सगळं विसरलात तरी एक धरून ठेवा. डॉक्टरांना तुमचे पाय दिसतात, तुमचं शेड दिसत नाही. शेड त्यांच्या टेबलापर्यंत तुम्हीच न्यायचं असतं.

१. डब्यात काय आहे ते आधी वाचा

मिस्त्री, मालक, हार्डवेअरवाला, सगळे त्याला नुसतं सोल्युशन म्हणतात. पण रबर पातळ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं, तेच उडून तुमच्या छातीत जातं. त्याचं नाव शोधायचं. डब्याचा चारही बाजूंनी फोटो काढा. माणसाच्या छातीवर तारा फुटल्यासारखं काळं चित्र असेल, तर वर्षानुवर्षांनी दिसणाऱ्या इजेची ती खूण आहे. नुसतं ज्वाळेचं चित्र बघून "आगीपासून जपायचं, बस्स" असं समजू नका.

मग दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर 'सेफ्टी डेटा शीट' मागा. त्यात १६ भाग असतात. सगळे वाचायची गरज नाही. तिसऱ्या भागात काय काय मिसळलंय ते, आठव्यात कोणता मास्क आणि कोणते हातमोजे लागतात ते, अकराव्यात शरीरावर काय परिणाम होतो ते. ही नावं दिसली की थांबा:

- एन-हेक्झेन (शीटवरचा सीएएस म्हणजे द्रव्याचा ओळख क्रमांक ११०-५४-३). सोल्युशनमध्ये असू शकतं. माझे पाय याने गेले. शरीरात त्याचं २,५-हेक्झेनडायोन होतं आणि ते नसांच्या आतल्या तंतूंना मारतं. सगळ्यांत लांब नस आधी मार खाते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय याच द्रव्याने लुळे पडले होते.
- टोल्युइन (१०८-८८-३) आणि झायलीन. थिनर, पॉलिश, रंग. यांचा रोख मेंदूवर जास्त: डोकं जड होणं, झिंग, चिडचिड, पुढे विसराळूपणा. टोल्युइन आणि कटर-कॉम्प्रेसरचा आवाज एकत्र आले की कानही लवकर जातात.
- एमईके (मिथाइल इथाइल कीटोन). एकट्याने फार नाही, पण एन-हेक्झेनच्या जोडीला आलं की नसांची इजा वाढवतं.
- मिथेनॉल. काही थिनरमध्ये असतं. पोटात गेलं तर डोळ्यांची नस जाते, जीवही जातो.
- स्टायरीन. फायबरच्या होड्या, टाक्या, पत्रे बनवणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.

वेल्डिंगवाल्यांसाठी वेगळं सांगतो. धुरात मँगेनीज असतं. बंद टाकीत किंवा होडीच्या पोटात वर्षानुवर्षं वेल्डिंग केलं तर कंपवातासारखा आजार जडू शकतो: चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो.

सुट्या डब्यातून, नाव नसलेल्या कॅनमधून माल आला तर मालकाला मूळ डबा दाखवायला सांगा. "सगळे हेच वापरतात" हे उत्तर नाही.

२. नाकावर विसंबू नका

पहिल्या दिवशी वास डोक्यात जातो. आठवड्याभरात वास येईनासा होतो आणि उस्ताद पाठीवर थाप मारतो, "सवय झाली तुला." सवय फक्त नाकाला होते, नसांना होत नाही.

या वाफा हवेपेक्षा जड. एन-हेक्झेनची जवळजवळ तिप्पट, टोल्युइनची त्याहूनही थोडी जास्त. त्या जमिनीलगत साचतात आणि आपण फोम चिकटवायला बसतो तेही जमिनीवरच. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातला एक्झॉस्ट खालची हवा नीट ओढत नाही. म्हणून:

समोरासमोरची दारं उघडी ठेवा. तुम्ही मोकळ्या हवेच्या बाजूला बसा आणि काम वाऱ्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे वाफ तुमच्यापासून लांब जाईल. शक्य ते काम टेबलावर घ्या. पंखा दारात, स्वच्छ हवा आत ढकलायला. वाफ भरलेल्या खोलीत साधा पंखा किंवा स्विच सुरू करू नका, ठिणगीने भडका उडतो.

आपल्याकडे खरी मारामारी जून ते सप्टेंबर. पाऊस आत येतो म्हणून शेडला ताडपत्री बांधतात, दार ओढून घेतात. आणि ऑक्टोबरमध्ये हॉटेलांचा सीझन उघडायचा म्हणून नेमकी याच दिवसांत रात्रपाळी. माझी बोटं ज्या वर्षी बधिर झाली त्या पावसात आम्ही दोन महिने ताडपत्रीच्या आत दिवसाला बारा-बारा तास होतो. पावसाळ्यात चिकटवायचं काम पडवीत, ओसरीवर, छपराखाली पण उघड्यावर काढा. साइटवरही तेच: एसी बसवलेल्या बंद खोलीत पॉलिश मारायचं असेल तर आधी खिडक्या उघडा. धूळ येते म्हणून इंजिनियर ओरडला तर ओरडू दे.

३. मास्क आणि हातमोजे: बहुतेक जण इथेच फसतात

रुमाल, कापडी मास्क, एन-९५ यांतलं काहीच वाफ अडवत नाही. एन-९५ धूळ अडवतो, एवढंच. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज लावलेला रबरी मास्क लागतो. कार्ट्रिजवर 'ऑरगॅनिक व्हेपर' छापलेलं हवं. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजला त्यासाठी तपकिरी पट्टा असतो. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि बाजूने वाफ शिरते. काम संपल्यावर मास्क शेडमध्ये टांगून ठेवू नका. रात्रभर कोळसा वाफ पीत राहतो आणि सकाळी तुमच्या कामाचा राहत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मास्कमधून वास येऊ लागला की कार्ट्रिज संपलं समजा. पण वास येईपर्यंत थांबू नका, कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला.

हातमोज्यांचं म्हणाल तर डॉक्टरी पातळ मोजे सोल्युशनमध्ये लगेच फुगतात आणि आत द्रव्य धरून ठेवतात, ते नसलेले बरे. नायट्राइलचे जाड मोजे एन-हेक्झेनला चांगले, टोल्युइन आणि एमईकेला फार वेळ टिकत नाहीत. डेटा शीटच्या आठव्या भागात बघून घ्या.

आणि कृपा करून थिनरने हात धुऊ नका. मी नऊ वर्षं रोज संध्याकाळी तेच केलं. थिनर कातडीचा तेलकटपणा काढून टाकतं आणि स्वतः आत मुरतं. खोबरेल तेल चोळा, जुन्या कपड्याने पुसा, मग साबण. डाग राहिला तर राहू द्या, दोन दिवसांत जातो.

४. शरीर आधी कुजबुजतं

नसा एका दिवसात जात नाहीत. माझ्या बाबतीत क्रम असा होता: पायाच्या बोटांना मुंग्या, मग तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटणं, मग चप्पल निसटणं. त्यानंतर शर्टाची बटणं लावताना वेळ लागू लागला, खिशातलं नाणं एकाचं की दोनचं ते बोटांनी ओळखता येईना. शेवटी जिना चढताना पाऊल अडखळू लागलं. दोन्ही पाय सारखेच, मोजा घातल्यासारखी बधिरता. एकाच पायाला असेल तर कारण बहुधा दुसरं असतं, कमरेची नस वगैरे.

डोक्याची लक्षणं घरचे आधी ओळखतात. रविवारी बरं, सोमवारी दुपारी डोकं धरतं. बायको म्हणते "हल्ली फार चिडता, सांगितलेलं लक्षात राहत नाही". सुट्टीत कमी आणि कामावर जास्त, हा फरक मोलाचा आहे, तो तारखांसकट लिहून ठेवा.

५. डॉक्टरकडे जाण्याआधी एक पान लिहा

पहिल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "पिता का?" शिगम्याला, नाताळाला घेतो असं मी खरं ते सांगितलं. कागदावर लिहिलं गेलं, दारूमुळे नसा कमजोर. तो कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर माझ्या आधी पोचायचा. दुसऱ्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. "काय काम करता?" याला मी "सुतारकाम" एवढंच उत्तर द्यायचो. सुतारकाम म्हटल्यावर डॉक्टरांना रंधा आणि करवत दिसते, सोल्युशनचा डबा कसा दिसणार? चूक माझीही होतीच.

तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर हाताने नेमकं काय काय करता, सकाळपासून सांगा." मी सांगत गेलो आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

तुमच्या बाबतीत कुणी विचारेल याची वाट बघू नका. एका पानावर हे लिहून न्या:

- कोणतं काम, किती वर्षं, दिवसाला किती तास. त्यातले चिकटवणं, पॉलिश, स्प्रे गन मारणं यांत किती.
- कोणती द्रव्यं: डब्यांचे फोटो छापून जोडा, मोबाईलमध्ये दाखवण्यापेक्षा फाइलला लागलेले बरे. महिन्याला साधारण किती लिटर जातं तेही.
- शेड बंद की उघडं, पावसाळ्यात काय फरक, मास्क कोणता.
- पहिलं लक्षण केव्हा, सुट्टीत कमी होतं का.
- तुमच्यासोबत काम करणाऱ्या आणखी कुणाला असा त्रास आहे का. डॉक्टरांसाठी ही मोठी खूण असते. आमच्या शेडमध्ये आणखी दोघे निघाले, त्यांतला एक विशीतला.
- दारू, तंबाखू, साखरेचा आजार, चालू औषधं: खरं लिहा. लपवलं तर निदान चुकतं.

आणि तोंडाने एक वाक्य नक्की म्हणा: "हे माझ्या कामातल्या द्रव्यामुळे असू शकतं का?" केसपेपरवर तुमचं काम आणि द्रव्याचं नाव लिहायला सांगा. पुढे हक्क मागताना तो पहिला केसपेपरच उपयोगी पडतो.

६. कुठे जायचं, काय तपासायचं

ईएसआय कार्ड (कामगार राज्य विम्याचं) असेल तर आपल्या ईएसआय दवाखान्यातून सुरुवात करा. तिथून मडगावच्या ईएसआय इस्पितळात पाठवतात. कार्ड नसेल तर बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलात तर सोयीचं पडतं.

आधी इतर कारणं वगळतात: रक्तातली साखर, बी-१२, थायरॉइड. मग 'नर्व्ह कंडक्शन'. हातापायांना बारीक विजेचे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने आणि किती जोरात जातो ते मोजतात. झटका टचकन बसतो, सहन होतो. त्या दिवशी हातापायांना तेल-मलम लावून जाऊ नका.

लघवीतल्या तपासणीत एक मोठा सापळा आहे. एन-हेक्झेन, टोल्युइन, स्टायरीन यांच्या खुणा शरीरातून लवकर निघून जातात. नमुना कामाची पाळी संपताना द्यायचा असतो, शक्यतो आठवड्याच्या शेवटच्या दिवशी. चार दिवस आराम करून मग दिलात तर अहवाल स्वच्छ येईल आणि "तुम्हाला काही नाही" असं सांगतील. शिशाचं वेगळं: ते रक्तात आणि हाडांत टिकतं, त्यासाठी शिरेतलं रक्त घेतात. कीटकनाशक फवारणाऱ्यांसाठी रक्तातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमची तपासणी.

७. कागद सांभाळा

सगळ्यांत कंटाळवाणं, आणि सगळे इथेच हात टेकतात. एक प्लॅस्टिकची फाइल करा:

- आधार, ईएसआय कार्ड, बँक पासबुक
- पगाराची पावती. नसेल तर खात्यात आलेल्या पैशांची नोंद, मुकादमाचे हजेरीचे मेसेज, साइटवरचे तारखेचे फोटो
- डब्यांचे फोटो, मालाची बिलं
- प्रत्येक केसपेपर आणि अहवाल, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि दहा किंवा जास्त माणसांची आस्थापना असेल तर ईएसआय लागू होतो. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कापला जातोय पण भरला जात नाही असंही होतं, म्हणून विमा क्रमांक मागून स्वतः तपासा.

कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजारांची यादी आहे. शिसं, पारा, मँगेनीज, कार्बन डायसल्फाइड, बेन्झिन आणि त्याच्या जातकुळीतली द्रव्यं त्यात येतात. एकाच मालकाकडे सलग ६ महिने काम झालेलं असणं तिथे महत्त्वाचं ठरतं, म्हणून हजेरीचा पुरावा हवा. यादीत थेट नाव नसलेलं द्रव्य असेल तर आजार आणि कामाचा संबंध तुम्हाला दाखवावा लागतो. कामगार संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला लवकर घ्या. नोंदणीकृत कारखाना असेल तर तक्रार कारखाने व बाष्पक निरीक्षकांच्या कार्यालयात, भरपाईचं प्रकरण कामगार आयुक्तालयाच्या वाटेने. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

कोऱ्या कागदावर सही करून नोकरी सोडू नका. "हिशेब घे आणि जा" म्हणून माझ्यापुढे तसा कागद ठेवला होता. घरी नेऊन वाचतो म्हणालो, तेव्हा तो परत घेतला.

८. घरी नेऊ नका

कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नका. हे शिशाच्या बाबतीत फारच महत्त्वाचं. गोव्यात जुनी घरं नवी करायची कामं खूप. खिडक्यादारांवर पन्नास-साठ वर्षांचे तेलरंगाचे थर असतात आणि जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त शिसं नको, हा नियम २०१६ चा. तो त्या जुन्या थरांना काय करणार? कोरडा पॉलिश पेपर मारलात की ती धूळ केसांत, कपड्यांत बसून घरी येते आणि रांगणारं पोर तोच हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूला थोडंसं शिसंही पुरतं, आणि झालेली इजा भरून येत नाही. पोटुशी बाई घरात असेल तर दुप्पट जपा. पाणीपेपर वापरा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, अंघोळ आणि कपडे बदलून मगच मूल उचला. मासेमारीच्या जाळ्याच्या गोळ्यांसाठी घरच्या चुलीवर शिसं वितळवत असाल तर ते आजच बंद करा.

थिनर पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. कुणी चुकून प्यायलं तर उलटी काढायची नाही, ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

९. काजूच्या बागेत फवारणी करत असाल तर

सुट्टीच्या दिवशी बागेत पंप मारणारे आपल्यात पुष्कळ. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं औषध अंगावर पडलं तर लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, उलटी, बाहुली टाचणीएवढी, स्नायूंची फडफड. लगेच कपडे काढा, साबणाने अंग धुवा, १०८, आणि डबा सोबत. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. बरं वाटून घरी आल्यावरही दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला तर पुन्हा जा. फवारणीच्या काही औषधांनी नसांची इजा उशिरा दिसते.

१०. काम थांबवल्यावर

एन-हेक्झेनवर उतारा नाही, काम थांबवणं हाच उपाय. एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं: काम सोडल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने त्रास वाढत जातो. मी घाबरलो, निदान चुकलं असं समजून वैदूकडे धावलो, पैसे घातले. ते वाढणं या आजारात होतंच. मग ते थांबतं आणि हळूहळू उतरतं. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे वर्ष-दीड वर्ष का लागतं ते समजेल.

तोवर पाय जपा. रोज रात्री दिव्याखाली तळवे बघा, जखम झाली तरी दुखणार नाही. मोटारसायकलच्या सायलेन्सरने पोटरी भाजलेली मला वासाने कळली होती. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. अंघोळीचं पाणी कोपराने बघा, पायाने नको. फिजिओथेरपीचे व्यायाम चुकवू नका, पाऊल उचलण्याची ताकद त्याने टिकते.

आणि महिन्यातून एकदा, एकाच तारखेला, डोळे मिटून खिशातली नाणी बोटांनी ओळखून बघा आणि किती बरोबर आली ते वहीत लिहा. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांना दाखवा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात दहातली दोन होती. गेल्या महिन्यात आठ.